प्रोग्राम बरोबर, हिशोब बरोबर, मग टेस्ट लाल का?

एप्रिल-मे महिन्यात सांगलीत विश्रामबागला किंवा कराडात विद्यानगरला चहाच्या कुठल्याही टपरीवर उभं राहा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टच्या डेमोच्या गडबडीत असतात आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं: "माझ्या लॅपटॉपवर चालतंय की!" समोरचा म्हणतो, "मग माझ्याकडं का नाही?" आणि वाद सुरू.

आता यात तिसरा गडी आलाय. कॉलेजचे प्रोजेक्ट असोत की साताऱ्या-सांगलीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कामं, कोड बहुतेक वेळा गिटहबसारख्या ठिकाणी ठेवलेला असतो. कुणी त्यात बदल केला की लांबच्या कुठल्यातरी संगणकावर सगळ्या चाचण्या आपोआप चालतात. या व्यवस्थेला सीआय म्हणतात. पास झालं तर हिरवी खूण, नापास झालं तर लाल फुली. घरच्यांना पडद्यावर ती फुली दिसली की "काय बिघडलं गं?" असा प्रश्न येतो, आणि कित्येकदा खरं उत्तर असतं, "काहीच नाही."

काहीच बिघडलेलं नसताना टेस्ट लाल होण्याची कारणं बरीच आहेत. त्यातलं सगळ्यात चिवट आणि सगळ्यात कमी समजावलेलं कारण म्हणजे फाइलचा पत्ता, म्हणजेच पाथ. फाइल कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावाने आहे हे सांगणारी ओळ म्हणजे पाथ. पुढे हाच शब्द वापरू.

आधी एक पट्टी करू

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी पट्टी बनवणारा एक प्रोग्राम आहे असं धरा. दिवसभराच्या सौद्यांच्या नोंदी एका फाइलमध्ये येतात: शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर. प्रोग्राम हमाली-तोलाई कापून प्रत्येकाची पट्टी छापतो. दहा पोत्यांचं वजन भरलं ५०८ किलो, बारदान वजा ८ किलो, निव्वळ राहिले ५ क्विंटल. दर १३,००० धरला तर खर्च कापण्याआधी ६५,००० रुपये. आकडे समजण्यापुरते घेतलेत, कुणी आजचा भाव समजू नये.

नोंदीत गफलत असेल तर प्रोग्राम पट्टी करत नाही, तक्रार छापतो:

डी:\काम\हळदपट्टी\नोंदी\सौदे.सीएसव्ही, ओळ १४: वजनाचा रकाना रिकामा आहे

हे लिहिलं सांगलीच्या सुप्रियाने, विंडोजच्या लॅपटॉपवर. ही तक्रार पुढेही अशीच यावी म्हणून तिने टेस्ट लिहिली. टेस्ट म्हणजे दुसरा छोटा प्रोग्राम. तो मुद्दाम रिकामा रकाना असलेली फाइल देतो, तक्रार पकडतो आणि आधी जपून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून बघतो. अशा नमुन्याला या धंद्यातले लोक 'गोल्डन फाइल' किंवा 'स्नॅपशॉट' म्हणतात. आपण नमुनाच म्हणू.

कराडचा अमोल याच प्रोग्रामवर काम करतो, पण उबुंटूवर, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर. त्याने हमालीचा दर बदलला, कोड चढवला आणि सीआयवर लाल फुली आली. खाली हे:

− नमुना: डी:\काम\हळदपट्टी\नोंदी\सौदे.सीएसव्ही, ओळ १४: वजनाचा रकाना रिकामा आहे
+ मिळालं: /होम/रनर/वर्क/हळदपट्टी/हळदपट्टी/नोंदी/सौदे.सीएसव्ही, ओळ १४: वजनाचा रकाना रिकामा आहे

अमोलचा फोन: "अगं, मी फक्त हमालीला हात लावलाय. ही चौदाव्या ओळीची टेस्ट कशाला रडतीय?"

त्याच्या बदलाचा या टेस्टशी काडीचाही संबंध नाही. ती सुप्रियाच्या लॅपटॉपशिवाय कुठेच पास होणारी नव्हती. अमोलने सीआय पहिल्यांदा चालवलं, एवढंच. (हळदपट्टी दोनदा का दिसतंय असा प्रश्न पडला असेल तर ती चूक नाही. गिटहबच्या लिनक्स मशीनवर प्रकल्पाच्या नावाच्या फोल्डरात पुन्हा त्याच नावाचा फोल्डर असतो.)

ताडून बघणारं यंत्र निरक्षर असतं

दोन मजकुरांतला फरक दाखवणारं 'डिफ' नावाचं साधन १९७४ साली बेल लॅब्जमधल्या युनिक्समध्ये आलं. पन्नास वर्षं झाली, अजून रोज वापरात आहे. त्याला ओळी आणि अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही. वजनाचा रकाना म्हणजे काय, डी ड्राइव्ह म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसतं. ६५,००० चे ५६,००० झाले काय आणि डी:\ चं /होम झालं काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच फरक.

म्हणून ताडण्याआधी आपल्याला ते करावं लागतं जे यार्डात वजनकाट्यावर रोज होतं. काट्यावर हळद पोत्यासकट चढते, पण पैसे निव्वळ वजनाचे मिळतात, बारदान वजा होतं. पोतं ज्यूटचं की प्लॅस्टिकचं यावरून हळदीची किंमत ठरत नाही. पाथमधला डी:\काम\हळदपट्टी हा भाग बारदान आहे. 'नोंदी\सौदे.सीएसव्ही, ओळ १४' हा माल आहे. ताडायचा तो माल.

सांगायला सोपं. खरी मारामारी पुढे आहे, कारण संगणकातलं बारदान एकाच वजनाचं नसतं.

फोल्डरचं नाव बदलून टाकलं की झालं, नाही का?

नाही. पाथमध्ये फोल्डरच्या नावाखेरीज बरंच काही बदलतं.

सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारा फरक तिरक्या रेघेचा, म्हणजे स्लॅशचा. युनिक्स, लिनक्स, मॅक यांची रेघ एका बाजूला कलते, विंडोजची दुसऱ्या. याचं मूळ विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉसमध्ये आहे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही भानगडच नव्हती, आणि पुढे कलणारी रेघ आज्ञेचे पर्याय सांगायला वापरली जायची. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ आधीच अडकलेली, म्हणून उलटी घेतली. चाळीस वर्षांपूर्वीची ती सोय आजही सुप्रिया आणि अमोलमध्ये भांडण लावते.

मग लहान-मोठ्या लिपीचा प्रश्न. इंग्रजी नावात मोठं अक्षर आणि छोटं अक्षर लिनक्सला दोन वेगळी नावं वाटतात. विंडोजला आणि साधारणपणे मॅकलाही ते एकच नाव. ओळ संपल्याची खूणही वेगळी: विंडोजची परंपरा दोन चिन्हांची, लिनक्सची एका चिन्हाची. हा पाथचा दोष नव्हे, पण लाल फुली मात्र तशीच, आणि जास्त छळणारी. पडद्यावर दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात आणि टेस्ट म्हणते फरक आहे.

विंडोजच्या पोटात आणखी एक जुनं दुखणं आहे. लांब नावांना आठ अक्षरांचं आखूड टोपणनाव मिळतं, त्यात लाटेसारखी खूण आणि १ असतो. गिटहबच्या विंडोज मशीनवर तात्पुरत्या फोल्डरचा पाथ असाच, 'रनर~१' असं टोपणनाव घेऊन येतो. तेच फोल्डर प्रोग्रामने पूर्ण नावानिशी छापलं की एकाच जागेची दोन नावं झाली.

मॅकवरची गंमत मला सगळ्यात आवडते, कारण ती पकडायला लोक दुपार घालवतात. टेस्टने तात्पुरतं फोल्डर मागितलं की मॅक पाथ देतो तो /व्हार/फोल्डर्स/ असा सुरू होणारा. पण हे 'व्हार' खरं फोल्डर नाही, दुसरीकडे बोट दाखवणारी पाटी आहे. खरी जागा /प्रायव्हेट/व्हार/फोल्डर्स/. तुमच्या प्रोग्रामने छापण्याआधी खरी जागा शोधून काढली आणि तुम्ही मात्र ताडण्याआधी मागितलेला पाथ तेवढा पुसून तिथे <तात्पुरतं> अशी खूण घातलीत, तर निकाल असा दिसतो:

/प्रायव्हेट<तात्पुरतं>/सौदे.सीएसव्ही, ओळ १४: वजनाचा रकाना रिकामा आहे

पुसलं गेलंय, पण अर्धवट. अशी शेपटी उरलेली दिसली की नव्वद टक्के काम झालंय असं समजू नये. एकाच फोल्डरची दोन नावं आहेत आणि आपल्याला एकच माहीत आहे, एवढं त्यातून कळतं.

आणि आपलं 'ऱ'

मराठी नावांच्या फाइली ठेवणाऱ्यांसाठी हा भाग खास. 'शेतकऱ्यांची यादी' या नावात जो ऱ आहे तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या चिन्हांना अंक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर ऱ हे स्वतंत्र एकच चिन्ह, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता, अशी दोन चिन्हं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच अक्षर, संगणकाच्या दृष्टीने वेगळे अंक.

मॅकच्या जुन्या फाइल व्यवस्थेत, एचएफएस प्लसमध्ये, फाइलचं नाव साठवताना ऱ फोडून दोन चिन्हं केली जायची. म्हणजे प्रोग्रामने एक नाव दिलं आणि फोल्डरची यादी वाचली तर परत आलं दुसरंच. २०१७ पासून आलेली नवी व्यवस्था, एपीएफएस, दिलेलं नाव दिल्यासारखं ठेवते. पण जुन्या डिस्कवरून किंवा जुन्या मॅकवर बांधलेल्या झिप फाइलमधून फोडलेली नावं आजही आपल्या हातात येऊ शकतात. यावर उपाय आहे: ताडण्याआधी दोन्ही बाजू युनिकोडच्या एकाच रूपात आणणं. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये त्यासाठी तयार फंक्शन असतं, एका ओळीचं काम.

लगे हात अजून एक. लिनक्सच्या नेहमीच्या एक्सटी४ व्यवस्थेत एका फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रे धरून ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. 'गावनिहाय शेतकरी सभासदांची दुरुस्त केलेली अंतिम यादी' अशी सरकारी थाटाची नावं देणाऱ्यांना ही भिंत लवकर लागते.

मग करायचं काय?

पहिला आणि सगळ्यात चांगला उपाय पुसण्याचा नाहीच. बारदान मुळात काट्यावर चढू द्यायचं नाही. प्रोग्रामला पूर्ण पाथ छापण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी विचारा. अडत दुकानातल्या दिवाणजींना 'नोंदी\सौदे.सीएसव्ही, ओळ १४' एवढं पुरतं. प्रकल्पाच्या मुळापासून, म्हणजे मुख्य फोल्डरापासून, सुरू होणारा असा आखूड पाथ म्हणजे सापेक्ष पाथ. टेस्ट नेहमी ठरलेल्या फोल्डरात उभी राहून चालवली आणि फाइल सापेक्ष पाथनेच दिली, तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. छापतानाच सगळीकडे एकाच बाजूची रेघ वापरायची असं ठरवलं तर अजून काही. पायथन आणि गो या भाषांत त्यासाठी तयार सोय आहे.

पण सगळंच टाळता येत नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो तिथे, पूर्ण पाथ हवाच असतो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या मशीनवर कुठली फाइल वाचली गेली हे कळणार कसं? तिथे दुसरा उपाय: ज्ञात मुळाच्या जागी खूण घालणं. नमुन्यात हे लिहून ठेवायचं:

<प्रकल्प>/नोंदी/सौदे.सीएसव्ही, ओळ १४: वजनाचा रकाना रिकामा आहे

आणि टेस्ट चालताना मिळालेल्या मजकुरात प्रकल्पाचा पाथ जिथे येईल तिथे <प्रकल्प> घालायचं. रस्ट भाषेच्या कंपायलरच्या, म्हणजे कोडपासून तयार प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या, चाचण्यांत हेच चालतं. तिथल्या नमुन्यांत फोल्डरच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि 'डीआयआर' अशी खूण दिसते.

यात 'ज्ञात' या शब्दावर माझा सगळा भर आहे. टेस्ट कुठल्या फोल्डरात चालली आहे हे टेस्टला पक्कं माहीत असतं, कारण तिनेच ते फोल्डर उघडलेलं असतं. अंदाज करायचा नाही, मशीनला विचारायचं आणि मिळेल तेवढंच बदलायचं. बारदान तोलून वजा करतात, डोळ्यांनी बघून नाही.

हे लिहिताना काही बारकावे चुकतात आणि तेच पुढे महिनोन्‌महिने त्रास देतात. फोल्डरचं मागितलेलं नाव आणि खरी जागा, दोन्ही रूपं घ्या आणि त्यातलं लांब आधी बदला, म्हणजे मॅकवरची शेपटी उरत नाही. नाव जिथे संपतं तिथेच थांबा: /होम/अमोल बदलायला गेलात आणि मशीनवर /होम/अमोलकुमार असलं तर '<घर>कुमार' असलं काहीतरी तयार होतं. मजकूर जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना माहिती देताना वापरतात त्या रचनेत, असेल तर विंडोजची प्रत्येक उलटी रेघ तिथे दोनदा लिहिलेली असते, त्यामुळे साधा शोध तिला ओळखत नाही. जेसन आधी उलगडून वाचा, मग बदल करा.

आणि रेघा बदलायच्या त्या फक्त ओळखलेल्या पाथच्या आत. आळसाने सगळ्या मजकुरातल्या उलट्या रेघा सुलट करणारे खूप आहेत. आपल्याच प्रोग्राममध्ये पट्टी क्रमांक २४/११७ असा छापायचा आहे आणि कुणाच्या तरी चुकीने तो २४\११७ छापला जातोय असं समजा. सगळ्या रेघा सरळ करणारी टेस्ट ही चूक स्वतःच दुरुस्त करते आणि हिरवी होते. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र चुकीचा क्रमांक जातो.

तिसरा मार्ग म्हणजे नमुनाच सैल लिहिणं: इथे काहीही चालेल, पण त्यानंतर हे शब्द आलेच पाहिजेत. कंपायलर बनवणाऱ्यांच्या एलएलव्हीएम प्रकल्पात फाइलचेक नावाचं साधन असंच वागतं. पूर्ण मजकूर ताडत नाही, सांगितलेले तुकडे सांगितलेल्या क्रमाने येतात का हे बघतं. मोठ्या, बडबड्या आउटपुटला हा मार्ग बरा. चार ओळींच्या पट्टीला मी वापरणार नाही, कारण 'काहीही चालेल' म्हटल्यावर खरंच काहीही चालतं.

पुसूनही न पुसलं जाणारं

पाथ नुसता पाथ म्हणून राहत नाही, आजूबाजूच्या मजकुरालाही ढकलतो. हा भाग बहुतेक जण विसरतात.

समजा अहवाल ८० अक्षरांवर ओळ मोडतो. सुप्रियाकडे पाथ छोटा, तक्रार एका ओळीत मावली. सीआयवर पाथ लांब, तीच तक्रार दोन ओळींत गेली. आता पाथच्या जागी <प्रकल्प> घाला, ओळ मोडलेली ती मोडलेलीच. तक्त्याचंही तेच: रकान्याची रुंदी सगळ्यात लांब पाथवरून ठरते, आणि पाथ पुसल्यावर मागे वेगवेगळ्या संख्येच्या मोकळ्या जागा उरतात. यादी पाथनुसार लावलेली असेल तर क्रम बदलतो. एकदा मोठ्या-छोट्या लिपीचा आणि रेघेचा फरक आला की कुठलं नाव आधी हेही मशीनवर अवलंबून राहतं. पाथवरून हॅश काढला असेल, म्हणजे मजकुरावरून ठरावीक लांबीचा अंक-अक्षरांचा ठसा, तर तो ठसा पूर्ण वेगळा येतो आणि त्यातून पाथ शोधून पुसण्याची सोयच नाही.

याला पुसण्याचा उपाय लागू नाही. खूण घालायचं काम छपाईच्या आधी झालं पाहिजे, नाहीतर टेस्टमध्ये ओळीची रुंदी पक्की ठरवून द्यायची, क्रम स्वतः लावायचा, हॅश सापेक्ष पाथवरून काढायचा. त्याहून सरळ म्हणजे छापलेला मजकूर ताडण्याऐवजी आतली माहितीच ताडणं: फाइल कुठली, ओळ कितवी, चूक कुठल्या प्रकारची. तीन गोष्टी, तीन तुलना. छपाई कशी दिसते याची वेगळी, एखादीच टेस्ट ठेवायची. अमोलला हेच हवं होतं, आणि मला विचाराल तर त्याचं बरोबर आहे.

"सगळ्यांना एकच मशीन द्या ना!"

हा आक्षेप पहिला येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. डॉकरसारख्या साधनाने प्रोग्राम एका बंद डब्यात चालवता येतो. आत फोल्डर नेहमी एकच, रेघ एकच, सगळं एकसारखं. सांगली असो, कराड असो, सीआय असो, आतला पाथ तोच. टेस्ट शांत होतात.

फक्त एवढंच लक्षात ठेवायचं की अडत दुकानात डॉकर नसतो. तिथे चार वर्षं जुना विंडोजचा पीसी असतो, सी ड्राइव्ह भरलेला, आणि प्रोग्राम डेस्कटॉपवरच्या 'नवीन फोल्डर (२)' मध्ये. कुणी कोडमध्ये डब्यातला पाथ कायमचा लिहून ठेवला असेल तर डब्यातली टेस्ट तो कधीच पकडणार नाही, आणि फोन मात्र दुकानातून येईल. डबा वापरा, पण निदान एक फेरी विंडोजवर उघड्यावर चालवा.

"मग स्लॅश दिसला की सरळ पुसून टाकू"

म्हणजे पाथसारखं जे जे दिसेल त्याच्या जागी <पाथ> घालायचं. लिहायला एक ओळ, आणि हल्ली एआयला सांगितलं तर तोही बऱ्याचदा हाच तोडगा सुचवतो. फुली लगेच हिरवी होते, म्हणून मोह होतो.

पण मग '<पाथ>, ओळ १४' एवढंच उरलं. उद्या प्रोग्राम चुकून सौदे.सीएसव्ही ऐवजी दरपत्रक.सीएसव्हीचं नाव सांगायला लागला तरी टेस्ट पास. दिवाणजी भलत्याच फाइलमध्ये चौदावी ओळ शोधत बसणार. 'रुपये/क्विंटल' मधला स्लॅशही या तडाख्यात गेला तर एकक बदललं तरी कळणार नाही. बारदानाच्या नावाखाली दोन किलो जास्त कापल्यासारखं आहे हे. काटा दिसायला बरोबर, नुकसान शेतकऱ्याचं. ज्ञात मूळ पुसा, त्यापुढचं नाव आणि ओळ ठेवा.

"नमुना नव्याने घेतला की भांडण मिटलं"

बहुतेक साधनांत एक सोय असते: आत्ता जे मिळालं तोच नवा नमुना माना. जाणूनबुजून बदल केला असेल तेव्हा ती उपयोगाची. पण पाथमुळे लाल झालेल्या टेस्टवर ती वापरली की नमुन्यात अमोलचा पाथ जातो आणि आता सुप्रियाकडे लाल होतं. ती परत तिचा घेते. असं चार वेळा झालं की माणसं फरक वाचणं सोडतात आणि लाल दिसलं की न बघता नमुना बदलून टाकतात. अशाच एका दिवशी त्या फरकात ६५,००० चे ५६,००० झालेले असतात.

टेस्टचं खरं नुकसान इथे आहे. विनाकारण लाल होणारी टेस्ट वेळ तर खातेच, पण शेजारच्या खऱ्या टेस्टची पतही घालवते.

"एवढ्याशा प्रोग्रामला हे सोपस्कार कशाला?"

एकट्याने, एकाच लॅपटॉपवर, कायम काम करणार असाल तर नकोत. दुसरा माणूस किंवा सीआय आला की हवेत. मुळाच्या जागी खूण घालणारं फंक्शन पंधरा-वीस ओळींचं असतं. ते एकाच ठिकाणी लिहा आणि सगळ्या टेस्टना तेच वापरायला लावा. प्रत्येक टेस्टमध्ये आपापली पुसापुशी केली की कुणी किती पुसलं याचा हिशोब राहत नाही. त्या फंक्शनचीच एक टेस्ट लिहा: त्याला पट्टी क्रमांक २४\११७ द्या आणि तो जसाच्या तसा बाहेर येतो का बघा.

मग प्रकल्पाची एक प्रत 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या फोल्डरात ठेवा आणि सगळ्या टेस्ट तिथून चालवा. नावात मोकळी जागा आहे, ऱ आहे, देवनागरी आहे. माझ्या मते सीआयला लागण्याआधी हाच प्रयोग करावा, कारण यात जे पडतं ते गिऱ्हाइकाकडे पडणारच होतं.

टेस्टच्या बाहेर याचा संबंध कुठे?

सी भाषेच्या कंपायलरला सांगितलं तर तो तयार प्रोग्रामच्या पोटात मूळ कोडचा पाथ लिहून ठेवतो, चुका शोधायला सोपं जावं म्हणून. परिणाम असा की तोच कोड, तोच कंपायलर, पण फोल्डर वेगळं असलं तर तयार झालेली फाइल वेगळी. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर काम करणाऱ्या लोकांनी २०१३ पासून 'पुन्हा बांधलं तरी तीच फाइल यावी' असं काम हाती घेतलं, त्यात पाथ हा एक मोठा अडथळा होता. आपण डाउनलोड केलेला प्रोग्राम खरंच जाहीर केलेल्या कोडपासून बनलाय का, हे तिऱ्हाइताला पडताळता यायचं असेल तर दोन ठिकाणी बांधलेल्या फाइली बाइट-बाइट जुळायला हव्यात. २०१८ मध्ये जीसीसी कंपायलरच्या आठव्या आवृत्तीत पाथचा पुढचा भाग बदलून लिहायची सोय आली, नाव 'फाइल प्रीफिक्स मॅप'. काम तेच, <प्रकल्प> घालण्याचं, फक्त टेस्टच्या ऐवजी थेट कंपायलरमध्ये.

दुसरा संबंध खासगीपणाचा. विंडोजवर घरच्या फोल्डरचं नाव बहुधा माणसाच्या नावावरून पडलेलं असतं. चूक दाखवणारी सूचना, लॉग, तयार प्रोग्राम, यांत पूर्ण पाथ गेला की लिहिणाऱ्याचं नाव, कंपनीतलं प्रकल्पाचं आतलं नाव, कधी गिऱ्हाइकाचंही नाव सोबत जातं. नमुन्याच्या फाइली तर सगळ्यांसमोर गिटहबवर असतात. तुमच्या प्रकल्पात एकदा स्वतःच्या लॉगिन नावाचा शोध घेऊन बघा. सापडलं तर आधी त्या नमुन्यांत खूण घाला. गिटहबवरच्या बदलांच्या जुन्या नोंदींत ते नाव तरीही राहतं, म्हणून प्रकल्प सार्वजनिक करण्याआधीच हे उरकलेलं बरं.